शेवटचा हात रंगाऱ्याचा, पण चूक कुणाची?

(हा एपिसोडचा लेखी मजकूर आहे. दोनदा बोललेली वाक्यं काढलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी.)

००:०० दिवे लागले आणि घोळ झाला

आजचा एपिसोड माझ्या मामेभावामुळे सुचला. तो पुण्यात रंगकाम करतो. स्वतः धरून चार माणसं, स्कूटरवर बादल्या, महिन्याला दोन-तीन फ्लॅट, असा त्याचा धंदा.

दिवाळीच्या आधी त्याला एक फ्लॅट मिळाला. हॉलला फॉल्स सीलिंग आणि मधे जिप्सम बोर्डाचं पार्टिशन. ते काम दुसऱ्याच पार्टीनं केलेलं होतं. यानं प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. सगळं काम दिवसा, खिडकीच्या उजेडात. छत एकदम मस्त दिसत होतं.

घरमालक संध्याकाळी सातला आले आणि त्यांनी छताच्या कडेचे एलईडी लावले. झालं! छतावर जिथं जिथं दोन बोर्ड जोडलेत, तिथं तिथं पट्टा उठलेला. रिकाम्या खाटेच्या फळ्या दिसाव्यात तसा.

मालक म्हणाले, "दादा, हा रंग असा पट्ट्यापट्ट्यांचा का दिसतोय?"

भाऊ म्हणाला, "साहेब, रंग बरोबर आहे. सांधे नीट भरलेले नाहीत. ते सीलिंगवाल्याचं काम."

त्यावर मालकांनी जे विचारलं, त्यावर आजचा अख्खा एपिसोड आहे. ते म्हणाले, "मग तुम्हाला ते दिसलं होतं, तर रंग लावलात कशाला?"

भावाकडे उत्तर नव्हतं. दोन पोरं, तीन दिवस, फुकट राबली. शेवटचा हप्ता दीड महिना अडकला. आणि सीलिंगवाला? तो पैसे घेऊन कधीच गेलेला.

०२:१० ड्रायवॉल म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे छताचं पांढरं काम दिसलं की सगळे त्याला सरसकट 'पीओपी' म्हणतात. पण बऱ्याचदा ते पीओपी नसतं, जिप्सम बोर्ड असतो. मधे जिप्समचा गर, दोन्ही बाजूंनी जाड कागद. पत्र्याच्या चॅनेलची चौकट करायची आणि त्यावर हे बोर्ड स्क्रूनं ठोकायचे. अमेरिकेत यालाच ड्रायवॉल म्हणतात, कारण ओल्या गिलाव्याचं काम यात नाही. तिकडं ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसानं १८९४ साली अशा बोर्डाचं पेटंट घेतलं होतं. आज तिथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती याच.

आपल्याकडे हे आधी ऑफिसांत आलं, मग मॉलमध्ये, आणि आता टू बीएचकेमध्ये. बाजारात सर्रास मिळणारा बोर्ड ४ फूट बाय ६ फूट, जाडी १२.५ मिलिमीटर.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. या बोर्डाच्या लांब बाजूच्या दोन्ही कडा थोड्या उतरत्या असतात. दोन बोर्ड शेजारी लावले की मधे उथळ खळगा तयार होतो. त्या खळग्यात टेप बसवायची, वर जॉइंट कंपाऊंड भरायचं आणि सपाट करायचं. केलं नीट, तर सांधा गायब.

पण आखूड बाजूला हा उतार नसतो. तिथं दोन बोर्ड सरळ एकमेकांना भिडतात. खळगाच नाही, तर टेप आणि मसाला बसणार कुठं? वरच बसणार. म्हणजे तिथं उंचवटा येणारच. तो लपवायचा एकच मार्ग: मसाला दोन्ही बाजूंना फूट-फूटभर लांब ओढून इतका पातळ करायचा की डोळ्याला चढ कळू नये. वेळ नसला की लोक नेमकं हेच टाळतात.

०४:०५ कुठं कुठं चुकतं

भावाला मी म्हटलं, तुला सगळ्यात जास्त काय सापडतं ते सांग. त्यानं जे सांगितलं आणि मी जे वाचलं, त्यातून ही यादी.

*एक, टेपच नाही.* सांध्यात नुसती पुट्टी दाबलेली. रंग दिल्यावर महिनाभर छान दिसतं, मग सांध्यावरून केसासारखी तडा जाते. कारण बोर्ड हलतो. एसी चालू-बंद होतो, दार आपटतं, पत्र्याची चौकट गरम-थंड होते. टेप हे हलणं सांभाळते. नुसती पुट्टी कडक असते, ती तडकते. त्यातून सिमेंटवाली पुट्टी असेल तर आणखी वाईट. सिमेंट आणि जिप्सम यांचं ओलीत अजिबात पटत नाही, थर सुटायला लागतो.

*दोन, स्क्रू.* स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत हवं, पण कागद फाटता कामा नये. वर राहिलं तर रंगातून फोड दिसतो. जास्त आत गेलं तर कागद फाटतो आणि तो स्क्रू बोर्डाला धरतच नाही. तपासायचं कसं? पुट्टीचा पत्रा बोर्डावरून सरळ ओढत न्या. 'टक' असा आवाज आला की तिथं स्क्रू वर आहे.

*तीन, घाईत वाळवण.* कंपाऊंडचा एक थर पूर्ण वाळायच्या आत दुसरा मारला, की तो आतून हळूहळू आकसत राहतो. रंग झाल्यावर सांध्याच्या जागी नाली पडते. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात तर हे हमखास. हवाच ओली, वाळणार कसं? गोणीवर किंवा डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या हवेचा असतो.

*चार, जास्त घासणं.* उंचवटा काढायला पॉलिश पेपर इतका घासला की बोर्डाचा कागदच उसवला. त्यावर रंग लावला की बारीक लव उभी राहते. हात फिरवला तर टॉवेलसारखं लागतं.

*पाच, शोषण.* यात कुणाची चूक दिसत नाही, पण गंमत इथंच आहे. बोर्डाचा कागद रंग वेगळ्या प्रमाणात पितो आणि कंपाऊंड वेगळ्या. प्रायमर न देता, किंवा पाण्यासारखा पातळ करून दिला, तर पृष्ठभाग सपाट असूनही सांध्याच्या जागी चमक वेगळी दिसते. हा दोष मात्र रंगाऱ्याचा. तो दुसऱ्यावर ढकलू नका.

*सहा, नंतर येणारे.* रंग झाला की इलेक्ट्रिशियन येतो आणि लाइटचं भोक मोठं करतो. एसीवाला पाइपसाठी भिंत फोडतो. सुतार कपाट सरकवताना कोपरा उडवतो. आणि सगळे जाताना एकच वाक्य बोलतात: "रंगवाला घेईल करून."

०७:३० दिवसा दिसत नाही, रात्री का दिसतं?

आता मालकांचा मुख्य संशय. त्यांना वाटतं रंगाऱ्यानं दिवसा फसवलं. तसं नसतं, हा निव्वळ उजेडाच्या कोनाचा खेळ आहे.

शाळेतली भूमिती आठवा. छतावर १ मिलिमीटर उंचवटा आहे. उजेड ४५ अंशांतून आला तर त्याची सावली १ मिलिमीटर. कुणाला दिसणार? पण कडेचा एलईडी छताला जवळजवळ चिकटून उजेड टाकतो. समजा २ अंशांचा कोन झाला. मग त्याच १ मिलिमीटर उंचवट्याची सावली होते जवळपास २९ मिलिमीटर. बोटभर उंचीची वस्तू संध्याकाळच्या उन्हात हातभर सावली टाकते, तसंच हे.

त्यात रंगही भर घालतो. मॅट रंग उजेड विखुरतो, म्हणून दोष लपतात. चमकदार रंग उजेड एकाच दिशेनं परत फेकतो, म्हणून प्रत्येक चढउतार वाचता येतो. गडद रंगावर तर आणखी.

म्हणून मंडळी, घरात छताला घासून जाणारे दिवे हवेत, भिंतीला चकाकणारा गडद रंग हवा, आणि बोर्डाचं काम स्वस्तातलं हवं, या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. हे कुणीतरी काम सुरू व्हायच्या आधी सांगायला हवं. सहसा कुणीच सांगत नाही.

०९:२० कागदावर नसलेलं छत

आता पैशाचं बोलू. रंगारी चौरस फुटावर भाव देतो. भाव असतो प्रायमर आणि रंगाच्या दोन हातांचा. मग तो म्हणतो, "सांधे थोडे खराब आहेत, घेतो जरा सुधारून." हे 'जरा' किती असतं? आपण हिशोब करू.

खोली १२ बाय १२. छत १४४ चौरस फूट. ४ बाय ६ चे सहा बोर्ड लागतात. एका दिशेनं तीन, दुसऱ्या दिशेनं दोन. सोपा हिशोब धरू. उतरत्या कडांचे सांधे दोन, प्रत्येकी १२ फूट, म्हणजे २४ फूट. आखूड बाजूचा सांधा एक, १२ फूट.

उतरत्या सांध्यावर १ फूट रुंद पट्टा धरा: २४ चौरस फूट. आखूड सांध्यावर २ फूट रुंद पट्टा: तेही २४. एकूण ४८. म्हणजे छताचा एक तृतीयांश भाग. त्यावर नीट काम करायचं तर कंपाऊंडचे तीन थर. ४८ गुणिले ३, झाले १४४.

बघा, १४४! म्हणजे 'जरा सुधारून घेतो' म्हणणारा रंगारी त्या खोलीचं अख्खं एक छत फुकट भरतोय. घासणं वेगळं, वाळायची वाट बघणं वेगळं, आणि वर मान करून दिवसभर काम केल्यावर दुखणारी मान वेगळी.

आणि धूळ. कंपाऊंड घासताना उडणाऱ्या धुळीत जिप्सम, चुनखडी, टाल्क, अभ्रक असतं, काही मालात सिलिकाही असते. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. नीट बसणारा एन-९५ मास्क घ्या. पेपर लांब दांड्यावर लावून घासा, म्हणजे धूळ थेट नाकावर पडत नाही. जमेल तिथं ओल्या स्पंजनं घासा. फुकटच्या कामात फुप्फुसंही फुकट जाऊ नयेत एवढंच.

११:४० अमेरिकेत हा वाद कसा मिटवला

हाच वाद तिकडंही होता. बोर्डवाला म्हणायचा, मी काम पूर्ण केलं. रंगारी म्हणायचा, हे पूर्ण? मालक म्हणायचा, मला काय माहीत, मला भिंत सपाट हवी. अडचण अशी की 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा.

मग तिथल्या संघटनांनी एकत्र बसून बोर्डाच्या फिनिशिंगच्या पायऱ्या ठरवल्या. १९९० च्या आसपासपासून हे चालू आहे. शून्य ते पाच. शून्य म्हणजे नुसते बोर्ड ठोकलेले. एक म्हणजे टेप बसवली, बस. ही जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, उदाहरणार्थ छताच्या वरच्या पोकळीत. दोन म्हणजे टेपवर आणि स्क्रूवर पातळ थर, वर टाइल येणार असेल तर चालतं. तीन म्हणजे वर जाड टेक्सचर येणार असेल तेव्हा. चार म्हणजे मॅट रंगासाठी नेहमीचं घर. आणि पाच म्हणजे सांधेच नाही, अख्ख्या पृष्ठभागावर पातळ थर. चमकदार रंग असेल किंवा घासून जाणारा उजेड असेल, तर पाच.

माझ्या भावाच्या त्या छताला पाच नंबर हवा होता. मिळाला होता जेमतेम दोन.

तिथल्या रंगकाम ठेकेदारांच्या संघटनेनंही आपले नियम लिहून ठेवलेत. त्यातले दोन आपल्या उपयोगाचे. पहिला: रंग नीट झालाय की नाही हे ३९ इंचांवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून, भिंग न लावता, घरात नेहमी असेल त्या उजेडात बघायचं. म्हणजे मालकानं भिंतीला नाक लावून दोष शोधायचा नाही, आणि रंगाऱ्यानंही 'दिवे बंद करून बघा' म्हणायचं नाही. दुसरा: रंगाऱ्यानं काम सुरू करण्याआधी पृष्ठभाग तपासायचा आणि दिसणारे दोष कळवायचे. आत दडलेला, बघून कळूच न शकणारा दोष रंगाऱ्याच्या माथी येत नाही. पण दिसत असूनही न बोलता रंग लावला, तर तुम्ही तो पृष्ठभाग स्वीकारला.

आता मालकांचा तो प्रश्न आठवा. "दिसलं होतं, तर रंग लावलात कशाला?" राग आला तरी प्रश्न बरोबर होता.

आपल्याकडेही भारतीय मानकं आहेत. जिप्सम बोर्डासाठी आयएस २०९५, गिलाव्यावरच्या रंगकामासाठी आयएस २३९५. पण टू बीएचकेच्या कामात ती कोण उघडतो? आपल्याकडे करार म्हणजे "करून टाका हो, बघू नंतर." आणि नंतर जे बघायचं, ते शेवटी आलेल्या माणसाला बघावं लागतं.

१४:३० मग करायचं काय

जे पोरं या धंद्यात आहेत, त्यांच्यासाठी आता कामाचं. अर्धा तास लागतो.

प्रायमरचा डबा उघडायच्या आधी खोली अंधारी करा. मोबाइलचा टॉर्च भिंतीला, छताला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू सरकवा. दोष आपोआप बोलतील. गवंड्याची अ‍ॅल्युमिनियमची फंटी सांध्यावर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंना फट दिसली तर उंचवटा, मधे दिसली तर नाली. पत्रा ओढून स्क्रूचा 'टक' ऐका. बाथरूमच्या बाजूच्या बोर्डावर हात ठेवा, थंड-ओलसर लागला तर तिथं थांबा. ओल असेल तर जगातला कुठलाच रंग टिकत नाही, आधी प्लंबर.

प्रत्येक दोषाशेजारी पेन्सिलीनं गोल करा. मार्कर वापरू नका, तो रंगातून वर येतो. फोटो काढा, तोही टॉर्च आडवा धरूनच, नाहीतर फोटोत काहीच दिसणार नाही. आणि मालकांना मेसेज टाका. भावानं आता एक मेसेज तयारच ठेवलाय, तो वाचून दाखवतो:

"साहेब नमस्कार. आज हॉल तपासला. छताच्या सांध्यांना टेप नाही, ९ स्क्रू वर आलेत, पार्टिशनचा एक कोपरा फुटलाय. फोटो पाठवलेत. यावर असाच रंग दिला तर संध्याकाळी दिव्यात पट्टे दिसतील आणि पुढं तडे जातील. सीलिंगवाल्याकडून करून घेतलंत तर उत्तम. आम्ही केलं तर त्याचे पैसे आणि दिवस वेगळे. तुमचा होकार आल्यावर काम सुरू करतो."

बघा, यात कुणाला शिव्या नाहीत. दोष काय, परिणाम काय, पर्याय दोन, आणि निर्णय तुमचा. सीलिंगवाल्याचं नाव घेऊन 'तो चोर आहे' म्हणू नका. उद्या त्याच साइटवर तुम्हाला भेटायचंय, आणि कदाचित त्यालाही चार दिवसांचं काम दोन दिवसांत करायला लावलेलं असेल.

दुरुस्ती तुमच्याकडे आली तर ती नीट करा. सुटलेला स्क्रू नुसता दाबू नका. त्याच्या दीड-दोन इंच बाजूला चॅनेलमध्ये नवा स्क्रू मारा, जुना काढा, मग दोन्ही भोकं भरा. टेप नसलेला सांधा उकरा, टेप बसवा, तीन थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. उसवलेला कागद आधी प्रायमरनं बसवा, मगच वर पातळ थर. प्रायमर मारला की परत टॉर्च फिरवा, कारण पांढऱ्या एकसारख्या थरावर उरलेले दोष जास्त स्पष्ट दिसतात. रंगाच्या आधीची ही शेवटची संधी.

आणि जे घरमालक ऐकतायत, किंवा ज्यांच्या आई-बाबांच्या घराचं काम चाललंय, त्यांना एकच सांगणं. सीलिंगवाल्याचा शेवटचा हप्ता रंगाऱ्यानं टॉर्च फिरवल्यानंतर द्या. कडेचे दिवे तात्पुरते का होईना, रंगाच्या आधी लावून बघा. फक्त एवढं केलंत तरी निम्मी भांडणं होणार नाहीत.

१७:५० शेवटी

भावाला विचारलं, हे सगळं सुरू केल्यावर काय झालं? तो हसला. म्हणाला, पहिल्याच मेसेजला एका मालकांनी दुसरा रंगारी बघितला. "तो काही बोलला नाही, तुम्हीच फार कटकट करता," असं म्हणाले. काम गेलं. ते लपवण्यात अर्थ नाही, जातं कधी कधी.

दुसऱ्या मेसेजला मालकांनी सीलिंगवाल्याला परत बोलावलं. तो चिडून आला, पण आला. टेपा बसल्या. काम चार दिवस उशिरा सुरू झालं. संध्याकाळी दिवे लावले, मालकांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि त्याच रात्री सगळे पैसे टाकले.

मी म्हटलं, "मग जमलं की रे."

तो म्हणाला, "दादा, रंग तर मी आधी पण असाच देत होतो. फक्त आता, द्यायच्या आधी बोलतो."

तुमच्याकडे असा किस्सा असेल, रंगारी असाल, सीलिंगवाले असाल, अगदी "रंगवाला घेईल करून" म्हणणारे इलेक्ट्रिशियन असाल, तरी व्हॉइस नोट पाठवा. नाव नको असेल तर तसं सांगा. पुढच्या वेळी भेटू. तोवर आज रात्री घरात एक करा: दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला आडवा लावा. तुमच्या भिंतीवर कुणाकुणाचे हात फिरलेत ते दिसेल.